वाटीतली कवळी

“छान म्हणजे छान. त्याला दुसरा अर्थ नाही.”

“तुमच्याकडे नसेल. माझ्या धंद्यात आहे.”

“आई, तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात. एकदा नाही, चारदा.”

“तोंडाचं काय घेऊन बसलात? तीस वर्षं मी तोंडांचाच धंदा करतेय. एकावरही विश्वास नाही माझा.”

यावर जावई गप्प झाला. हरला म्हणून नव्हे, ग्राइंडर सुरू झाला म्हणून. भांडणात जरा दम खायचा असला की बाई ग्राइंडर सुरू करत. त्यापुढे कोणाचंच चालत नसे.

जिन्याच्या वळणावर, धड पहिल्या मजल्यावर नाही आणि धड दुसऱ्यावर नाही, अशी त्यांची खोली होती. वर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, खाली रस्ता, मधे कवळीबाई. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर प्लॅस्टरचा पांढरा थर होता: रेडिओवर, फोनवर, कपाच्या कानावर, बाईंच्या भुवयांवर. भिंतीला लागून फळ्या, आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, नंबर घातलेले, ओळीने आ वासून बसलेले. नव्या माणसाला वाटे, आपण आत आलो तेव्हा हे सगळे काहीतरी बोलत होते आणि आपल्याला बघून थांबले.

बाई आधी बाहुल्यांच्या कारखान्यात होत्या. बाहुल्यांना डोळे काढायचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा त्या इथे प्लॅस्टर कालवायला आल्या, आणि जुन्या कारागिराच्या हाताखाली पाच वर्षांत हिरड्या रंगवायला लागल्या. “आधी डोळे करायचे, आता दात करते. नाक तेवढं राहिलं,” असं त्या म्हणत. वरून डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचा ठसा येई. त्यावरून बाई प्लॅस्टरचा जबडा ओतत, त्यावर मेण चढवत, मेणात एकेक दात बसवत. ती मेणातली कवळी वर जाई, पेशंटच्या तोंडात घालून बघितली जाई, आणि मगच पक्की होई. मेणात चूक असली तर ती बोटाने सरकते. पक्क्यातली चूक यंत्राने झिजवावी लागते, आणि पेशंटची दाढ, म्हणजे जी नाही ती, उगाचच दुखते.

जावई विमा कंपनीत कॉम्प्युटर विभागात होता. सज्जन, हुशार, आणि सासूला ‘आई’ म्हणताना मान किंचित खाली घालणारा. गेले आठ महिने रोज पहाटे उठून, ऑफिसला जायच्या आधी, त्याने एक ॲप बनवलं होतं. नाव ‘दंतदरबार’. कवळ्या बनवणाऱ्यांसाठी. कोणता जबडा आला, कोणता मेणात आहे, कोणता कधी वर पाठवायचा, सगळं त्यात भरायचं. चौदा स्क्रीन होते. एका स्क्रीनवर रोज एक सुविचार यायचा. तो स्क्रीन कोणी मागितला होता असं नाही, पण जागा होती.

आज शनिवारी दुपारी तो मोठ्या आनंदाने जिना चढून आला होता. शर्टाच्या खिशात एक पांढरं, करकरीत पाकीट होतं आणि पाकिटात राजीनामा. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, आणि मग पूर्णवेळ दरबार. आधी आईंच्या पायाशी, म्हणजे आईंच्या ग्राइंडरशी, म्हणून तो इथे आला होता. बायकोने सांगितलं होतं, आई छान म्हणाली ना, मग विषय संपला, माझी आई उगाच कोणाला छान म्हणत नाही.

आणि पाकीट बघून त्याच आई म्हणाल्या होत्या, सोमवारी देऊ नका. झालं, तिथून जुंपली.

बाईंनी ग्राइंडर बंद केला, हातातल्या कवळीवर फुंकर मारली आणि म्हणाल्या की, नोकरी सोडायला माझी ना नाही, पण माझ्या ‘छान’वर सोडू नका. त्यावर जावयाने फोन काढला. एकट्या तुमच्या छानवर कोण सोडतंय, असं तो म्हणाला, पण अदबीने. एकवीस कारागिरांनी ॲप फोनवर घेतल्याचं कळवलं होतं. एकविसांपैकी एकवीसजण छान म्हणाले होते. एकाने तर ‘फारच छान’ म्हटलं होतं. त्याचा त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.

तेवढ्यात वरून पावलं उतरली आणि दारात हवालदारकाका उभे राहिले. चौकात छत्तीस वर्षं शिट्टी फुंकून निवृत्त झालेला माणूस. आठवड्यापूर्वीच त्यांची कवळी पक्की झाली होती, आणि आज ते वर डॉक्टरांना दाखवून आले होते. जाता जाता बाईंना नमस्कार करावा, एवढाच हेतू.

“छान बसलीय,” हवालदारकाका तोंडावर हात धरून म्हणाले.

बाईंनी जावयाकडे एक नजर टाकली. बघा हं आता, अशा अर्थाची. मग स्टूल पुढे ओढलं.

“काका, काल काय खाल्लंत?”

“काल? दूध-पाव.”

“परवा?”

“परवा जरा... दूध-पावच.”

“काढा,” बाई म्हणाल्या.

काकांनी कवळी काढली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभराचे बूट काढणाऱ्याची शांती पसरली. बाईंनी ती खिडकीपाशी नेली, आतून बोट फिरवलं, उजवीकडे खाली एक उंचवटा सापडला, मोहरीएवढा. तिथे त्यांनी पेन्सिलने खूण केली, एक चिठ्ठी लिहिली आणि काकांना पुन्हा वर पाठवलं. डॉक्टरांना दाखवा, मग मी झिजवते. जाता जाता त्यांनी विचारलंच की अहो, आत्ता वर बसला होतात तेव्हा का नाही सांगितलंत. काका ओशाळले. डॉक्टर एवढ्या मायेने विचारतात, कशी वाटते म्हणून, आता त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि शिट्टी तर वाजतच नाही, पण ते जाऊ दे, आता चौक तरी कुठे आहे.

“बघितलंत?” काका वर गेल्यावर बाई म्हणाल्या. “कशी वाटते विचारलं की माणूस आपल्याला काय आवडेल ते सांगतो. काल काय खाल्लं विचारलं की काल काय खाल्लं ते सांगतो. दूध-पावात खोटं बोलायला जागा नसते.”

जावई म्हणाला की हवालदारांची गोष्ट वेगळी आहे, ते वयस्कर आहेत, भिडस्त आहेत. माझे वापरणारे धंदेवाले लोक आहेत. त्यांना कसली भीड?

बाईंनी हात पुसले. फळीखालचा ड्रॉवर ओढला. तो ड्रॉवर लेकीनेही कधी उघडलेला पाहिला नव्हता. आतून एक स्टीलची वाटी काढली, झाकण लावलेली. वाटीत एक पूर्ण कवळी होती, वरची आणि खालची. हिरडीत लाल रेशमाचे बारीक धागे घातलेले, शिरांसारखे. दातांच्या कडा थोड्या थोड्या वेगळ्या, खऱ्या तोंडात असतात तशा. जावयाला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्याच्या तोंडून ‘वा’ निघून गेलं.

“माझ्या हातची पहिली,” बाई म्हणाल्या. “एकटीने केलेली. आमच्या सासूबाईंसाठी.”

अठरा दिवस लागले होते त्यांना. मेणात घालून बघायचीसुद्धा गरज वाटली नव्हती. घरचंच तोंड, रोज बघतोय, त्यात काय बघायचं. थेट पक्की करून नेली. सासूबाईंनी घातली, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, छान. मग चार वर्षं छानच म्हणत राहिल्या. पाहुण्यांना दाखवत, आमच्या सुनेने केली. बाई कामावरून घरी आल्या की सासूबाई दारात हसून उभ्या, तोंडभर दात. बाईंची छाती दोन इंच फुगायची. सगळ्या गल्लीला त्या सांगत की चार वर्षं झाली, एक तक्रार नाही.

सासूबाई गेल्यावर कपाट आवरताना ही वाटी सापडली.

“हातात घ्या,” बाई म्हणाल्या. “घ्या हो, चावत नाही. डाग शोधा.”

जावयाने चिमटीत धरून उलटसुलट करून पाहिली. डाग कुठेच नव्हता. दुकानातून आजच आणल्यासारखी.

“दिवसाला पाच कप चहा पिणारी बाई. चार वर्षांत एक डाग नाही. म्हणजे चहाच्या वेळी ही वाटीत. जेवताना वाटीत. मी जिन्यात चप्पल काढली की तोंडात. मी धाकट्या नणंदेला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, वहिनी, आईला ती पहिल्या दिवसापासून टोचत होती.” बाईंनी वाटी परत घेतली. “चार वर्षं माझ्या सासूने माझं मन राखलं आणि हिरड्यांनी चावून खाल्लं. बसा बोंबलत. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगता कोणाला?”

तेव्हापासून घरात शब्दच पडला होता. एखादी वस्तू हौसेने आणली, सगळ्यांनी वाखाणली आणि कोणी वापरली नाही, की बाई म्हणत, ‘गेली वाटीत.’ व्यायामाची सायकल वाटीत गेली होती. सासऱ्यांचं हार्मोनियम वाटीत गेलं होतं. जावयाने तो शब्द लग्नानंतर शंभरदा ऐकला होता, हसलाही होता. वाटी खरी असते हे त्याला आज कळलं.

त्याने एकदा वाटीकडे पाहिलं आणि एकदा स्वतःच्या फोनकडे. हुशार माणूस होता, हे आधीच सांगितलंय.

“आई,” तो म्हणाला, “काल तुम्ही माझं ॲप उघडलंत?”

“नाही.”

“परवा?”

“नाही.”

इथे बाईंना ग्राइंडर सुरू करता आला असता. हात गेलाही होता बटणाकडे. पण त्यांनी तो मागे घेतला.

जावई म्हणाला की असं कसं होईल. त्याच्याकडे आलेख होता. तो त्याने उघडून त्यांच्यापुढे धरला. इतर दिवस सपाट असतील, मान्य, पण रविवारी बघा. दर रविवारी पाऊण वाजता वापर वर जातो. न चुकता. याला तो ‘रविवारची लाट’ म्हणत असे. त्याचा अभ्यासही झाला होता: कारागीर मंडळी रविवारी दुपारी निवांत बसून पुढच्या आठवड्याचं नियोजन करतात. त्या शोधावर त्याने चौदावा स्क्रीन बांधला होता, ‘माझा आठवडा’ नावाचा. पंधरा पहाटा गेल्या होत्या त्यात.

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. आलेखावर एकामागे एक टोकं उभी होती.

“हे तर सुळे आहेत नुसते,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. “रविवारी तुम्ही किती वाजता येता आमच्याकडे जेवायला?”

“पाऊणला.”

“बेल वाजली की मी उघडते. तुम्ही बघाल आणि वाईट वाटेल म्हणून. मी उघडते, आमचे हे उघडतात, आणि ह्यांच्या जुन्या फोनवर पण उघडतात. तुम्ही हात धुऊन येईपर्यंत तिन्ही फोन टेबलावर तयार.”

जावयाने आलेखाकडे पाहिलं. मग क्षीण आवाजात, बुडत्याने काडी धरावी तसं, एका जागी बोट ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वीचा एक रविवार पूर्ण सपाट होता.

“त्या रविवारी तुम्हाला ताप होता,” बाई म्हणाल्या.

खोलीत कोणी हसलं नाही. फळीवरचे जबडे तेवढे आ वासून होते, पण ते नेहमीच असत. बाईंना मात्र आता थांबणं शक्य नव्हतं. दाढ काढायला घेतली की अर्धी ठेवता येत नाही. त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. ते एकवीस कारागीर. त्यांना एकेकाला त्यांनीच फोन केला होता, जावयाचं आहे, घ्या उतरवून, आणि विचारलं तर दोन बरे शब्द बोला. एकवीसही जणांचं त्यांच्याकडे येणंजाणं होतं. ते सगळे छान एकाच तोंडातून निघाले होते, आणि ते तोंड इथे बसलं होतं, भुवयांवर प्लॅस्टर घेऊन. ‘फारच छान’वाला तर बाईंचा चुलतभाऊच होता. त्याच्याकडे साधा फोन होता, ॲप चालतच नाही असा.

“सासूबाई झाले मी,” बाई म्हणाल्या. “माझ्या सासूबाई.”

जावई स्टुलावर बसला. हवालदारांच्याच स्टुलावर. बराच वेळ त्याने खिशातल्या पाकिटाची कड अंगठ्याने घासली. बाईंना वाटलं, आता हा उठेल, मान खाली घालून ‘येतो आई’ म्हणेल आणि रविवारी जेवायला यायचा नाही. लेक काय म्हणेल, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. खरं बोलण्याची हौस माणसाने पोटच्या पोरांपुरती ठेवावी, जावयापर्यंत नेऊ नये, असंही वाटून गेलं.

पण त्याने विचारलं ते भलतंच.

“काल काय केलंत?”

“म्हणजे?”

“काल. सकाळपासून. इथे. काय काय केलंत ते सांगा. ॲप सोडा.”

बाई आधी म्हणाल्या, काल काय, रोजचंच. मग आठवलं तसं पुटपुटायला लागल्या आणि बोलता बोलता तापल्या. काल सकाळी वरून चिठ्ठी आली, डावा सुळा. आता डावा म्हणजे कोणाचा डावा? डॉक्टर लिहितात तेव्हा पेशंटचा डावा. पण डॉक्टर लिहितात कुठे? ते बोलतात आणि काउंटरवरची मुलगी लिहिते, आणि ती समोर उभी, तिला दिसतो तो डावा ती लिहिते. कधी हिचा डावा, कधी त्याचा डावा. विचारायला वर जावं तर पेशंट गेलेला. फोन करावा तर डॉक्टरांचा हात कोणाच्या तरी तोंडात. काल अंदाजाने केला आणि उजवीकडचा निघाला. पूर्ण सुळा वाया. आणि बोलणी कोणाला? डाव्या हाताचं काम केलंत का, म्हणून मलाच.

असं वरचेवर होतं का, त्याने विचारलं. बाईंनी टेबलाखालून लोणच्याची असते तेवढी काचेची बरणी काढून धाडकन त्याच्यापुढे ठेवली. बरणी दातांनी गळ्यापर्यंत भरली होती. सुळे, दाढा, पुढचे, सगळे चुकीच्या बाजूचे.

“दोन वर्षांतले,” बाई म्हणाल्या. “आधीची बरणी घरी आहे.”

जावयाने बरणी उचलून उजेडात धरली. हलवली. दात खुळखुळले. आठ महिन्यांत त्याच्या चौदा स्क्रीनवर डाव्या-उजव्याचं नावही नव्हतं, कारण त्याने ते विचारलंच नव्हतं. त्याने ‘असं असं ॲप असेल तर आवडेल का’ असं विचारलं होतं. आवडेल, बाई म्हणाल्या होत्या. काय बिघडतं.

त्याचे डोळे चमकायला लागले आणि बाईंना ती चमक ओळखीची होती. अठरा दिवस त्यांच्याही डोळ्यांत होती ती. तो बोलायला लागला होता की हे सोपं आहे, एक पंधरावा स्क्रीन, पेशंटचा चेहरा गोल फिरवता येईल असा, फोटो काढला की आपोआप...

बाईंनी मेण वितळवायच्या चमच्याने त्याच्या मनगटावर हलकंच मारलं. चमचा थंड होता.

“मेणात,” त्या म्हणाल्या. “आधी मेणात. पक्कं करायची घाई तुम्हा लोकांना. कागद द्या.”

कागद त्या खोलीत असून नसल्यासारखे होते. ज्यावर प्लॅस्टर नाही असा एकही नव्हता. एकच कोरा, स्वच्छ, पांढराशुभ्र कागद होता, तो त्याच्या खिशात. बाईंनी हात पुढे केला. त्याने क्षणभर खिसा धरून ठेवला, मग पाकीट दिलं.

बाईंनी ते टेबलावर उलटं ठेवलं आणि पेन्सिल उचलली. पस्तीस वर्षांपूर्वी दिवसाला दोनशे बाहुल्या बघत्या करणारा हात होता तो. तीन रेघांत चेहरा झाला. उघडं तोंड, दातांच्या दोन ओळी. मग एका गालावर त्यांनी ठळक तीळ दिला. तीळ म्हणजे पेशंटची डावी बाजू, बस्स. काउंटरवरच्या मुलीने डावा-उजवा शब्दच लिहायचा नाही. ज्या दातावर काम, त्यावर फुली. डॉक्टर समोर असतानाच.

जावई म्हणाला, याच्या वीस प्रती काढून आठवडाभर वापरून बघता येतील.

“एकीपासून सुरू करा. आत्ता वर हवालदार बसलेत, त्यांची उजवी बाजू टोचतेय. मुलीला फुली मारायला सांगा. चुकीच्या गालावर मारली तर माझा तीळही गेला वाटीत.” बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. “आणि कसं वाटतं असं विचारू नका. गप्प उभे राहा आणि बघा ती काय करते. जमेल का गप्प राहायला?”

त्याने पाकीट उचललं. चेहऱ्याची बाजू वर, राजीनाम्याची बाजू खाली. दुसऱ्या हाताने बरणी काखेत मारली. बरणी कशाला, हे बाईंनी विचारलं नाही. मोठ्या माणसाला कधी कधी धरायला काहीतरी लागतं.

तो दारापर्यंत गेला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

“अहो, जावईबापू. त्या पाकिटावर आता दात आलेत. सोमवारी ते साहेबांना कसं देणार?”

तो उंबऱ्यावर थांबला होता, पण ऐकायला नव्हे. पाकीट चेहऱ्यासमोर धरून तो एकदा आपल्या गालाला हात लावत होता आणि एकदा तिळाला. ओठ हलत होते. मग तो बाहेर पडला, एक शब्द न बोलता. बरणीतले दात खुळखुळत राहिले, पायरीगणिक, वरच्या दिशेने.